नम्र राहायचं, पण स्वतःला पुसून टाकायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सोलापुरात यंत्रमागावर कामाला आहे. लहानपणापासून गल्लीतल्या भजनी मंडळात मृदंग वाजवतो. यंदा सप्ताहाच्या फ्लेक्सवर देणगीदारांचे फोटो आले, गेल्या वर्षीच मंडळात आलेल्या एका पोराचं नाव आलं, माझं राहिलं. काल्याच्या दिवशी शाल-श्रीफळही त्यालाच मिळालं. घरी बोललो तर वडील म्हणतात, नम्र राहा, देव बघतोय. पण आत जळतं, आणि जळतं म्हणून स्वतःचीच लाज वाटते. नम्र राहून ओळख मिळते का? की ओळख हवीशी वाटणं हेच चुकीचं?"

माउली, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ओळख हवीशी वाटण्यात काहीही चुकीचं नाही. आपण केलेलं कुणीतरी पाहावं, "बरं झालं हो" म्हणावं, हे माणसाला वाटतंच. कीर्तनाच्या निमित्तानं सोलापूर-पंढरपूर भागातल्या सप्ताहांतच माझं आयुष्य गेलं. तिथे मला खरी काळजी वाटते ती "मला काही नको, माझं काही नाही" असं उठता-बसता म्हणणाऱ्यांची. पंगतीत कुठे बसवलं, हार कितव्या नंबरला घातला, यावरून हीच माणसं घरी जाऊन दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. तुम्ही निदान जळतं हे कबूल केलंत. लाज सोडा, मग पुढचं बोलता येईल.

तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. मंडळानं तुम्हाला जे द्यायला हवं होतं आणि दिलं नाही, ती एक. तुमची तुमच्याच नजरेत किती किंमत आहे, ती दुसरी. पहिली तोंड उघडून मागायची असते. दुसरी कुणाकडे मागून मिळत नाही. आपल्याकडे होतं असं की पहिली मागायला माणूस लाजतो आणि दुसरीसाठी चार लोकांच्या तोंडाकडे बघत राहतो.

पहिलीचं आधी बोलू, कारण "नम्र राहा" हा सल्ला सगळ्यात जास्त तिथेच चुकीच्या जागी दिला जातो.

चोखोबा आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढ्यात राहिले. जोहार घालून बोलणारा, देवापुढे पूर्ण वाकलेला माणूस. पण त्यांचे अभंग नीट ऐका. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, वरच्या रंगाला काय भुलता, असं ते विचारतात. विटाळ विटाळ म्हणता, तर विटाळापासून सुटलेलं कोण आहे ते दाखवा, असंही विचारतात. स्वतःला हलका समजणारा माणूस असं विचारत नाही. चोखोबा वाकले होते, पण विठोबापुढे. ज्यांनी त्यांना बाहेर ठेवलं त्यांचं म्हणणं त्यांनी कधी मान्य केलं नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात कुसवाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते गेले. समाधी पंढरपुरात महाद्वाराशी, नामदेव पायरीच्या समोर आहे. ज्या दारातून त्यांना आत घेतलं नाही, त्याच दाराशी. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. मध्ये सहाशे वर्षं गेली. चोखोबांना बाहेर ठेवलं ती काही त्यांच्या नम्रतेची परीक्षा नव्हती. तो अन्याय होता. आणि त्या सहाशे वर्षांत "देव बघतोय" म्हणून गप्प बसलेल्यांनी तो दूर केला नाही.

फ्लेक्सवरचं नाव आणि ते दार यांची बरोबरी मी करत नाही. पण एवढं घ्या की नम्र माणूस हक्काचं बोलू शकतो. कारखान्यात पगारात चार दिवसांची मजुरी कमी आली तर तुम्ही देवावर सोडत नाही, मुकादमाकडे जाऊन हिशेब विचारता, आणि त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नाही. मंडळातही तसंच करा. अध्यक्षांना एकटे गाठा, सगळ्यांसमोर नको. म्हणा, "वादकांचं नाव टाकताना माझं राहिलं, मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी सगळ्या वादकांची नावं द्या." एवढंच. किती वर्षं वाजवलं याचा पाढा वाचू नका, आणि त्या पोराचं नाव तर अजिबात घेऊ नका. त्याचं नाव निघालं की तुमची मागणी संपली आणि तक्रार सुरू झाली. वाईट वाटलं हे शब्द मात्र गाळू नका. बहुतेक जण तेच गाळतात आणि त्याच्या जागी "मला काय, मंडळाच्या दृष्टीनं सांगतो" असं काहीतरी घालतात. ऐकणाऱ्याला त्यातला खोटेपणा कळतो.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमचं खरं दुखणं इथे आहे. यासाठी आपल्या ग्रामदैवताकडे, सिद्धरामेश्वरांकडे जावं लागेल.

संक्रांतीला गड्ड्यावर, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेला, आपण सगळेच जातो. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, पांढऱ्या बाराबंदीतले नंदीध्वज पेलणारे, सोलापूरच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. पण बसवण्णांच्या काळातले थोर शरण अल्लमप्रभू या गावात आले तेव्हा काय झालं, ती गोष्ट कन्नड शरण परंपरेत, म्हणजे शिवभक्त संतांच्या परंपरेत, जितकी सांगतात तितकी आपल्या मराठी घरांत सांगत नाहीत.

काळ बाराव्या शतकाचा. गावाचं नाव तेव्हा सोन्नलगी. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा ध्यास घेतलेल्या सिद्धरामांनी इथे तळं खोदायला घेतलं होतं, लिंगं स्थापन केली होती. माणसं राबत होती, गावाला पाणी मिळणार होतं, लोक सिद्धरामांना देवाच्या जागी मानायला लागले होते. अशा वेळी अल्लमप्रभू तिथे येतात आणि खोदकाम करणाऱ्यांना विचारतात, तुमचा तो वड्डर सिद्धराम कुठे आहे? म्हणजे दगड फोडणारा, माती उपसणारा. मजूर खवळतात. आमच्या गुरूला वड्डर म्हणतो! हातातले दगड फेकून मारतात. कथा सांगते की एकही दगड अल्लमांना लागला नाही, त्यांच्याभोवती नुसता ढीग झाला. मग सिद्धराम स्वतः येतात, तेही संतापलेले. त्यांचा तिसरा डोळा उघडतो, आणि त्या आगीनंही अल्लमांना काही होत नाही. त्यानंतर दोघांचं बोलणं होतं. त्या बोलण्यानं सिद्धराम आतून हलतात, अल्लमांबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला जातात आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून दीक्षा घेतात.

चमत्कार बाजूला ठेवा आणि त्या ठिकाणची माणसं बघा.

सगळ्यात आधी राग आला तो खोदणाऱ्यांना. जे स्वतः कुदळ हातात धरून उभे होते त्यांना. अल्लमांनी त्यांच्याच कामाचं नाव घेतलं आणि त्यांना ती शिवी वाटली. गुरूला आपल्या पंक्तीला बसवलं, हा अपमान वाटला. म्हणजे दिवसभर जे काम ते करत होते, त्याला त्यांच्याच मनात किंमत नव्हती. ही गोष्ट सांगताना मी नेहमी इथे थांबतो. आपलं काम आपल्यालाच हलकं वाटत असेल तर दुसऱ्यानं त्याचं नुसतं नाव घेतलं तरी टोचतं, मग तो चांगल्या भावनेनं का घेईना.

आणि सिद्धराम? त्यांच्याकडे सगळं होतं. काम मोठं, भक्त मोठे, हेतूही शुद्ध, गावाला पाणी देण्याचा. तरी एका शब्दानं ते उठून आले. शब्द खोटाही नव्हता, ते खरोखरच खोदकाम करून घेत होते. खोट्या आरोपाचा राग समजू शकतो. खऱ्या शब्दाचा राग आला, याचा अर्थ मनात दुसरं कुठलंतरी नाव धरून ठेवलेलं होतं: गुरू, योगी, गावाचा तारणहार. त्या नावाला धक्का लागला. अल्लमांनी तळं बुजवायला सांगितलं नाही, हे लक्षात ठेवा. तळं आजही गावाच्या मध्यभागी आहे आणि सिद्धरामांची समाधी त्याच तळ्यातल्या देवळात आहे. सेवा टिकली. सुटलं ते फक्त, मी कोण म्हणून ओळखला जातो याचं ओझं. ते उतरल्यावर सिद्धराम लहान झाले नाहीत. त्यानंतरही त्यांच्या वचनांत, त्या कन्नड रचनांत, शेवटी मल्लिकार्जुनाच्याच नावाची मुद्रा राहिली, म्हणजे देव बदलला नाही, भक्तीही पातळ झाली नाही.

आता तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तर मला पाठवू नका, तुमच्याजवळच ठेवा. मंडळात कुणी हाक मारली, "अरे, त्या वाजवणाऱ्याला बोलवा," तर तुम्हाला काय होतं? "वाजवणारा" हे तुमचं खरं नाव आहे. ते ऐकून छातीत काही हललं नाही, तर फ्लेक्सचा विषय साध्या हिशेबाचा आहे, अध्यक्षांशी बोलून मिटेल. हललं, तर फ्लेक्सवर नाव येऊनही पुरणार नाही. पुढच्या वर्षी अक्षर बारीक वाटेल, त्याच्या पुढच्या वर्षी फोटो नाही म्हणून दुखेल.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. गीतेत त्या यादीत पहिलं नाव अमानित्वाचं आहे, आणि माउलींनी त्यावर मन लावून लिहिलंय. असलेल्याच गुणांचं कुणी कौतुक केलं तरी तो माणूस व्याधानं घेरलेल्या हरणासारखा गडबडतो, असं तिथे वर्णन आहे. ते वाचून बरेच जण तसं वागायला जातात. कुणी चांगलं म्हटलं की मान हलवतात, "छे छे, मी पामर" म्हणतात. मला हे पटत नाही. तिथे पिकलेल्या माणसाचं वर्णन आहे. आतून भरलेल्या माणसाला बाहेरचं कौतुक नकोसं होतं, तो आवाज त्याला जास्त वाटतो. रिकाम्या माणसानं तेच सोंग घेतलं तर तो आणखी रिकामा होतो, कारण कौतुक हवं तर असतं आणि तेही हातानं ढकलून दिलेलं असतं. तुम्हाला कुणी "आज छान वाजवलंत" म्हटलं तर "बरं वाटलं ऐकून" म्हणा. पुरे.

मग आतून भरायचं कसं? मी स्वतः ज्या गोष्टी केल्या आणि शिष्यांना करायला सांगतो, त्यातल्या दोन-तीन सांगतो.

सप्ताहात वीणेचा पहारा असतो, तुम्हाला ठाऊक आहे. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. संध्याकाळचे पहारे पटकन भरतात, कारण मांडवात माणसं असतात. रात्री दोननंतरचे पहारे भरायला व्यवस्थापक दारोदार फिरतो. यंदा तो पहारा तुम्ही मागून घ्या. त्या वेळी मांडवात काय असतं, सांगतो. सतरंज्यांवर तीन-चार म्हातारी माणसं पांघरूण घेऊन झोपलेली, समईची वात खाली बसत आलेली, आचाऱ्याकडची पातेली घासून पालथी घातलेली, आणि तुम्ही एकटे वीणा गळ्यात घेऊन उभे. तारेवर बोट, तोंडात नाम. पहिला अर्धा तास मन सगळा हिशेब मांडतं, कोण काय म्हणालं, कुणाचं नाव आलं. मांडू द्या, तुम्ही नाम सोडू नका. मग पाय दुखायला लागतात, आणि हिशेब मागे पडतो. त्यानंतर कधीतरी एक वेळ येते की नाम चालू असतं आणि ते चांगलं चाललंय हे तुम्हाला कळत असतं, ते कुणाला सांगावंसं वाटत नाही. ती चव एकदा कळली की ओळखीची भूक जात नाही, पण तिच्या मागे धावत सुटायला होत नाही.

पहारा बदलताना आणखी एक गोष्ट घडते. येणारा वीणेच्या पाया पडतो, तुम्ही वीणा त्याच्या गळ्यात घालता, दोघं एकमेकांच्या पाया पडता. वारीतही हेच, लहान-थोर, जातपात न बघता प्रत्येक जण प्रत्येकाला माउली म्हणून वाकतो. आपण वाकण्याबद्दल खूप बोलतो. मी मात्र लोकांचे पाय बघतो. स्वतः वाकायला बहुतेकांना जमतं. समोरचा आपल्या पायाशी वाकला की मात्र बरेच जण दचकून मागे सरकतात, "नको नको, मला कशाला" म्हणतात. ही नम्रता नाही. समोरच्याला तुमच्यात विठ्ठल दिसतोय आणि तुम्ही त्याला, तुझं चुकतंय, असं सांगताय. पाय मागे घेऊ नका. उभे राहा, त्याला वाकू द्या, मग तुम्ही वाका. ज्या विठ्ठलासाठी तुम्ही त्याच्या पायाला लागता तोच तुमच्यातही आहे, हे अंगानं मान्य करायला शिकणं, माझ्या लेखी आत्मसन्मानाची साधना म्हणजे हीच. अर्धं वाकायला आणि अर्धं उभं राहायला लागतं. नुसतं वाकत राहिलेली माणसं मी पुढे कडवट झालेली पाहिली आहेत.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या कलेची. रोज वाजवून झालं की मृदंग गवसणीत घालण्याआधी स्वतःला दोन वाक्यं सांगा: आज काय नीट बसलं, काय निसटलं. "तिसऱ्या अभंगाला चाल बदलली तेव्हा मी अर्धी मात्रा मागे पडलो", इतकं नेमकं. "बरं झालं" किंवा "वाईट झालं" चालणार नाही. ज्याला स्वतःचं काम इतकं बारीक मोजता येतं, त्याला फ्लेक्सच्या मापाची गरज कमी पडते. त्या नव्या पोराचं वाजवणंही याच कानानं ऐका. त्याचा एखादा तुकडा खरंच चांगला असेल तर चार लोकांसमोर सांगा. चांगला नसेल तर सांगू नका, मोठेपणा दाखवायला खोटं कौतुक करू नका. त्याला शाल मिळाली यात त्याचा काही दोष नाही.

तुमचा एक प्रश्न राहिला: नम्र राहून ओळख मिळते का? काहींना मिळते, काहींना नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. जन्म १९१०. १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते. बाकीचे परतले, ते राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, बत्तीस वर्षांचे असताना. आज चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे, इथे भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक आहे. लोक ही गोष्ट "बघा, शेवटी ओळख मिळतेच" असं सांगायला वापरतात. मला तसं सांगावंसं वाटत नाही. स्मारक त्यांनी पाहिलंच नाही. त्यांना जे मिळालं ते समोरच्या टेबलावर, त्या दिवशी वाचलेल्या जखमी सैनिकाच्या रूपानं मिळालं. ओळख मिळावी म्हणून कुणी नम्र होत असेल तर तो व्यवहार झाला, आणि त्या व्यवहारात उधारी वसूल होईल याची हमी कोणताच संत देत नाही. मीही देणार नाही.

एक सावधगिरी. हे जळणं फक्त मंडळापुरतं असेल तर वर सांगितलेलं पुरेल. पण कामावर, घरात, सगळीकडेच आपण कशाच्याच लायकीचे नाही असं वाटत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर तो वेगळा विषय आहे. त्याला साधनेनं झाकू नका, चांगल्या डॉक्टरांकडे जा, घरातल्या एकाला तरी सांगा. नामस्मरण चालू ठेवा, त्यानं आधार मिळतो, पण औषधाच्या जागी ते ठेवायचं नाही. भक्तीच्या नावाखाली दुखणं अंगावर काढलेले लोक मला माहीत आहेत, त्यामुळे हे कळकळीनं सांगतोय.

आणि समजा तुम्ही अध्यक्षांशी नीट बोललात, तरी पुढच्या सप्ताहात परत तेच झालं, त्याच्या पुढेही झालं. मग मंडळ सोडणं हा अहंकार होत नाही. सोलापुरात भजनी मंडळं भरपूर आहेत, चांगला मृदंग वाजवणारा सगळीकडे हवा असतो. सोडताना भांडण करू नका, पण न सांगता गायबही होऊ नका. या कारणासाठी थांबतोय, असं अध्यक्षांना तोंडावर सांगून, ज्यांच्याबरोबर वाजवलं त्या टाळकऱ्यांच्या पाया पडून निघा. तोवर मात्र दोन कामं याच आठवड्यात उरका: अध्यक्षांची भेट, आणि व्यवस्थापकाकडे रात्रीच्या पहाऱ्यासाठी नाव देणं. भेट आधी घ्या. पहारा आधी मागितलात तर त्याच्या जोरावर नाव मागायला गेलात असं तुमचं तुम्हालाच वाटत राहील.